सगळेच जातात की, त्यात काय!

सदराला आलेलं हे पत्र बरंच लांबलचक होतं, ओळख पटेल असं सगळं काढून बाकीचं देते.

"ताई, मी ३१ वर्षांची. माहेर मुलुंडचं, लग्नानंतर बदलापूरला आले. नवऱ्याची नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, माझं ऑफिस लोअर परळला, अकाउंट्समध्ये. गाडी बदलापूरहून सुटते म्हणतात पण प्लॅटफॉर्मला लागते तेव्हाच अर्धी भरलेली असते, कारण अंबरनाथच्या बायका बदलापूरकडे येतानाच त्या गाडीत चढून उलट्या बसून येतात आणि मैत्रिणींसाठी पिशव्या ठेवतात. मध्यंतरी मी एक पिशवी उचलून बसले तर अख्खा ग्रुप तुटून पडला, मग रोज टोमणे. ते नको म्हणून आता आधीची गाडी पकडते, पावणेसातला घर सोडते आणि साडेनऊपर्यंत ऑफिसखाली चहा पीत वेळ काढते. सहाला सुटून घरी यायला साडेआठ. एक-दोनदा तर दारात लटकून आले, घरी बोलले नाही. घरी आले की मुलीवर ओरडते, सासूबाईंना उलट बोलते आणि मग रडू येतं. नवरा म्हणतो, सगळेच जातात की, त्यात काय! माझ्यातच काही खोट आहे का? नोकरी सोडू का? – एक वैतागलेली पासहोल्डर"

अगं पासहोल्डर,

खोटबिट काही नाही तुझ्यात. तू दमलेली आहेस आणि घरात कुणी ते दमणं मोजलेलं नाही, तूसुद्धा नाही. म्हणून आधी मोजू. सकाळचे पावणेतीन तास आणि संध्याकाळचे अडीच, झाले सव्वापाच. महिन्याचे बावीस दिवस धरले तर ११५ तास होतात, आणि आठ तासांची ड्युटी धरली तर ते चौदा दिवस भरतात. म्हणजे ऑफिसच्या नोकरीशिवाय तू महिन्यात चौदा दिवसांची आणखी एक नोकरी करतेस, तीही बहुतेक उभ्याने, बिनपगारी, वर पासाचे पैसे स्वतः भरून. एवढं करून घरी आलेली बाई पोरीच्या सांडलेल्या दुधावर शांतपणे हसली असती तर मला जास्त काळजी वाटली असती.

आता नवऱ्याचं ते वाक्य. सगळेच जातात म्हणजे नक्की कोण जातं? तो तर जात नाही ना. बदलापूरहून अंबरनाथ एमआयडीसी म्हणजे बाईकवर किती, वीस पंचवीस मिनिटं, ट्रॅफिक लागला तर अजून दहा. सहाला कंपनी सुटली की साडेसहाला माणूस घरी. मी त्याला वाईट म्हणत नाहीये, पत्रावरून तो बरा माणूस वाटतो, पण ज्याने सकाळची कल्याणच्या पुढची गर्दी लेडीज डब्यातून पाहिलेलीच नाही (आणि पाहणार तरी कसा) त्याच्यासाठी लोकल म्हणजे व्हॉट्सॅपवर येणारा एक व्हिडिओ. मला यातली खरी गोम वेगळीच दिसते. बदलापूरचं घर घेताना तुम्ही दोघांनी, कदाचित चौघांनी मिळून ठरवलं असणार, की ठाण्यात परवडत नाही, इथे त्याच पैशात एक खोली जास्त मिळते, त्याची कंपनी जवळ, सासूबाईंना मोकळी हवा. सगळं बरोबर आहे. पण स्टेशनाचे आकडे बघ, सीएसएमटीपासून ठाणं ३४ किलोमीटर आणि बदलापूर ६८, बरोब्बर दुप्पट. घर स्वस्तात मिळालं असं सगळे म्हणतात, पण ते स्वस्त झालं कारण उरलेली किंमत तू रोज सव्वापाच तासांनी भरतेस, आणि ते कुठल्याच पासबुकात दिसत नाही. तुमचं भांडण गाडीवरून नाहीच आहे. घर सगळ्यांचं आणि त्याचा हा हप्ता एकटीचा, हे तुझ्या पोटात कुठेतरी कळलेलं आहे आणि ते शब्दात येत नाही म्हणून पोरीवर निघतं.

त्यामुळे त्याला "मला समजून घे" वगैरे सांगू नकोस, त्याने काही होत नाही, तो मान हलवेल आणि मोबाईल बघेल. कागद घे, तास लिही, त्याचे शेजारी लिही, आणि मग नेमकं काम माग. साडेसहाला येणाऱ्या माणसाने साडेआठपर्यंत कुकर लावलेला असला पाहिजे, पोरीचा अभ्यास घेतलेला असला पाहिजे, सकाळच्या डब्याची भाजी चिरून फ्रीजमध्ये गेलेली असली पाहिजे. मदत म्हणून नाही, त्याचं काम म्हणून. आणि सासूबाईंना तूच सांग, तो नाही सांगणार, की आई, मी आल्यावर अर्धा तास मला काही विचारू नका, हातपाय धुऊन चहा घेऊन मी आपणहून येते. बहुतेक सासवांना हे तोंडावर सांगितलेलं चालतं, न सांगता आदळआपट केलेली मात्र चालत नाही.

बरं, आता जरा रागावते. दारात लटकायचं नाही. नाही म्हणजे नाही. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्र्याच्या मधल्या वळणावर काय झालं ते तुला मी सांगायला नको, तुझ्याच लाईनवरचं आहे, सोमवारची सकाळ, समोरासमोरून दोन लोकल जात होत्या आणि दारातली माणसं एकमेकांच्या बॅगांना घासून खाली पडली, चौघांचा त्याच दिवशी जीव गेला. त्यानंतर साध्या लोकलला पण आपोआप बंद होणारे दरवाजे बसवणार असं रेल्वेने जाहीर केलं, ते जेव्हा सगळ्या गाड्यांना लागतील तेव्हा लागतील, तोवर तुझा दरवाजा तूच आहेस. गाडी सुटली तर सुटू दे. लेट मार्क लागला, अर्धा दिवस गेला, बॉस कुजकट बोलला, सगळं परवडतं. आणि हे घरी लपवू नकोस, नवऱ्याला सांग की मी लटकून आले. "त्यात काय" म्हणणाऱ्या माणसाला त्यात काय असतं ते कळलं पाहिजे ना.

आता तो ग्रुप. यावर जरा बोलतेच, कारण मी डोंबिवलीची आणि नोकरीची सगळी वर्षं फोर्टला लोकलने गेलेली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय. नियम एकदम साधा आहे, लोकलमध्ये रुमाल, ओढणी, पिशवी, टिफिन, काहीही ठेवून सीट अडवता येत नाही, तू पिशवी उचललीस यात तुझं काहीही चुकलं नाही. आता ते उलटं बसून येणं. अंबरनाथहून बदलापूरला खाली यायचं आणि तीच गाडी पकडून वर जायचं, हे त्या बायका तुझ्या वाईटावर करत नाहीत, अंबरनाथला गाडी येईपर्यंत पाय ठेवायला जागा नसते म्हणून करतात, आणि बदलापूरकरांनी आपल्याच स्टेशनात, आपल्याच गाडीत उभं राहायचं. पण त्या अंबरनाथवाल्यांच्याही घरी कुकर आहेत. पास बदलापूरपर्यंतचा असेल तर उलटं येण्यात गैर पण काही नाही. पण स्वतः बसून येणं वेगळं आणि चार मैत्रिणींच्या नावाने पिशव्या मांडून ठेवणं वेगळं, ती दादागिरी आहे आणि तिला ग्रुप म्हणून लाडाने बघायचं मला कधीच जमलं नाही. लोक फार कौतुकाने लिहितात ना, डब्यातलं हळदीकुंकू, दसऱ्याची गाडीची पूजा, भोंडला, मटार सोलणं, एकीच्या डोहाळेजेवणाला सगळ्यांनी नऊवारी नेसून येणं, हे सगळं खरंच असतं आणि मी त्यात मनापासून नाचलेली पण आहे, पण त्याच डब्यात नवीन आलेल्या मुलीला महिनाभर कोणी तिघींच्या बाकावर सरकून चौथी सीटसुद्धा देत नाही हेही असतं. आणि बदलापूर गाडीत ठाण्याची बाई चढली की "तुमच्यासाठी ठाणा लोकल नाही का" हे ऐकवणाऱ्या आपण सगळ्याच.

तर काय करायचं? मला तीन रस्ते दिसतात आणि तिन्ही मला सारखे आवडत नाहीत. पहिला, डबा बदल. तू बहुधा एकाच डब्याला चिकटून आहेस कारण दादरला पूल समोर येतो. मधल्या लेडीजमध्ये असशील तर पुढच्यात जा, पुढच्यात असशील तर मधल्यात, दादरला पन्नास पावलं जास्त चालावी लागतील पण पावणेसातला घर सोडण्यापेक्षा ते बरं, तुझी झोप त्या बायकांना दान का करायची? दुसरा, त्याच डब्यात जा आणि त्यातल्या एकीला धर. ग्रुपला कधी भिडायचं नाही, ग्रुपमध्ये सगळ्या शूर असतात, पण त्यातली एखादी रोज कडेला बसणारी, कमी बोलणारी असते, तिला शांतपणे विचारायचं, ताई तुम्ही कुठे उतरणार, तुमची जागा मला द्याल का? ती हो म्हणते. सीट बोलून ठेवली की ती तुझी, हा डब्यातला कायदा रेल्वेच्या कायद्यापेक्षा जास्त पाळला जातो, अख्खा ग्रुप पण पाळतो. पुष्कळ ग्रुपमध्ये ठाणं किंवा घाटकोपर आलं की बसलेल्यांनी उठून उभ्यांना बसवायची पद्धत असते, ती तिथे आहे का बघ, असेल तर त्या वाटतात तेवढ्या वाईट नाहीत. तिसरा रस्ता तक्रारीचा, १३९ वर फोन किंवा रेलमदद, डब्याचा नंबर आणि वेळ सांगायची. टोमण्यांसाठी मी तो सुचवणार नाही, कारण पोलीस एक दिवस येतील आणि तुला त्याच बायकांबरोबर रोज जायचंय. पण कोणी ढकललं, चिमटा काढला, बॅग ओढली, चढू दिलं नाही, तर मग एक क्षण विचार करू नकोस, फोन लाव.

रेल्वेवरच चिडायचं असेल तर नीट चिडावं असं मला वाटतं. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला जायची एक आणि यायची एक अशा दोनच लाईन आहेत, त्यावरूनच तुझी लोकल, त्यावरूनच पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस, त्यावरूनच मालगाडी. म्हणून तुझी गाडी विठ्ठलवाडीजवळ उगाच उभी राहते तेव्हा तो मोटरमनचा आळस नसतो, त्याला सिग्नलच मिळत नाही. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी लाईन मंजूर झालेली आहे, पण आपल्याकडे ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन व्हायला २०२२ चा फेब्रुवारी उजाडला, तेव्हा तुझी मुलगी कॉलेजला जायच्या आत झाली तर पेढे वाट. पण ओरडून काहीच होत नाही असं मात्र नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी लोकल घुसवल्या तेव्हा कळव्याचे आणि तुमच्या बदलापूरचे प्रवासी उठले होते, आणि मध्य रेल्वेला त्या दहा फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या होत्या. तुमच्या भागात प्रवासी संघटना आहेत, एखाद्या मीटिंगला जाऊन बस, निदान आपला राग योग्य माणसांपुढे निघतो, सासूबाईंपुढे नाही.

ऑफिसबद्दल तू पत्रात एक ओळ पण लिहिली नाहीस की वेळ बदलून मागितली म्हणून. का? अकाउंट्सचं काम साडेनऊलाच सुरू झालं पाहिजे असं कुठे लिहिलंय? तू तशीही लवकर पोचून चहा पीत बसतेस. मग साडेआठ ते पाच माग, पाचची गर्दी आणि सहाची गर्दी यात किती फरक आहे हे तुला माहीत आहे. नाहीतर उलटं, अकरा ते साडेसात, पण लहान मुलीमुळे ते तुला जमणार नाही असं दिसतं. आणि आठवड्यात दोन दिवस घरून, महिनाअखेर सोडून. मेल लिहिताना रडगाणं नको, सरळ लिही की या वेळेत काम जास्त होईल, तीन महिने करून बघू. वर हेही टाक की मध्य रेल्वेने २०२३ मध्ये मुंबईतल्या आपल्याच कर्मचाऱ्यांसाठी ऑफिसच्या दोन वेगवेगळ्या वेळा सुरू केल्या होत्या आणि बाकीच्या ऑफिसांना पत्रं पाठवून वेळा बदलायची विनंती केली होती. खुद्द रेल्वेच सांगतेय म्हटल्यावर एचआरवाल्यांना तोंडावर नाही म्हणायला जरा जड जातं.

संध्याकाळचं एक करून बघ. तू दादरला येऊन फास्ट पकडतेस ना, त्याऐवजी परळहून सुटणाऱ्या स्लो गाड्या आहेत, परळ टर्मिनस झाल्यापासून. लोअर परळहून चालत परळला ये, गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे जागा मिळायची शक्यता बरीच जास्त, कल्याणपर्यंत बसून जा. तिथे बदलून पुढची वीसेक मिनिटं उभं राहावं लागेल. एकूण वेळ जास्त जाईल हे कबूल, पण बसून डोळे मिटलेला तास आणि दादरहून एका पायावर आलेला तास यात घरी पोचणारी बाई वेगळी असते. रोज नको, ज्या दिवशी अंगात काही उरलं नसेल त्या दिवशी. फर्स्ट क्लासचं विचारशील तर पैसे आहेत तर काढ, पण लेडीज फर्स्टचा तो एवढासा तुकडा, गर्दीच्या वेळी तिथेही उभंच राहायचं, फक्त महागात.

आणि पाणी पितेस का? विचारते कारण आमच्या डब्यातल्या अर्ध्या बायका घरून निघताना पाणी प्यायच्या नाहीत, स्टेशनातल्या बाथरूममध्ये जावं लागू नये म्हणून, आणि मग लघवीचं इन्फेक्शन, डोकेदुखी, चिडचिड, सगळं स्वभावावर ढकललं जायचं. पाणी पी. पाय सुजत असतील, चक्कर येत असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, ते काही माझं सदर बरं करू शकत नाही.

राहिला नोकरीचा प्रश्न. सोडू नको, निदान आत्ता नको, कारण तू नोकरीला कंटाळलेलीच नाहीयेस, पत्रात ऑफिसबद्दल एकही वाईट शब्द नाही. तू रस्त्याला कंटाळली आहेस, मग रस्ता बदलायचा विचार आधी होऊ दे ना. बदलापूरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि ठाण्यात किंवा कळव्यात भाड्याने राहायचं, हा हिशेब तुम्ही कधी मांडलाय का? भाड्यात फरक पडेल, खिशातून घालावे लागतील, पण तुझे रोजचे दोन अडीच तास वाचतील. आणि नवऱ्याला तेव्हा ठाण्याहून अंबरनाथला जावं लागेल, तर सकाळी त्या दिशेला गाड्या मोकळ्या असतात, सगळी गर्दी मुंबईकडे तोंड करून असते. तो बसून जाईल, पेपर वाचत, चाळीस एक मिनिटात. म्हणजे त्याच्यावर पण अगदी काही आभाळ कोसळत नाही, आणि "सगळेच जातात" या सगळ्यांमध्ये तोही येईल. मुलगी पहिलीला जायची असेल तर तसंही शाळेचं बघायचंच आहे, वर्षाच्या मध्ये नको, पण आत्तापासून चौकशी करता येते. फक्त एक ऐक, सुरुवातीलाच मुलुंडचं नाव काढू नकोस. माहेर मुलुंडला आहे हे त्याच्या आणि त्याच्या आईच्या डोक्यात आधी वाजेल आणि तासांचा हिशेब राहील बाजूला. ठाणं म्हण.

आणि हे जमणारच नसेल, सासूबाई हलणार नसतील, पैशाचं बसत नसेल, तर मग ही नोकरी हातात ठेवून दुसरी बघायला लाग, ठाणं, ऐरोली, घणसोली, तिकडे भरपूर कंपन्या आहेत आणि अकाउंट्सवाली सगळ्यांनाच लागते. पगार थोडा कमी असला तरी घे विचारात, पण ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. नोकरी सोडून घरी बसलीस तर सव्वापाच तास वाचतील हे खरं, पण ते तुझ्या वाट्याला येतील असं मला तरी वाटत नाही.

बोलायचं ते रविवारी दुपारी बोल, जेवणं झाल्यावर, मुलगी झोपली की, सोमवारी रात्री साडेआठला चपला काढता काढता नको. त्या रविवारी मुलुंडला जायचा बेत ठेवू नकोस, मेगाब्लॉक असला तर तिथेच अर्धा दिवस जाईल आणि परत येईपर्यंत तुझा मूड गेलेला असेल. भाड्याचे आकडे आधी काढून ठेव, ठाण्यातले दोन-तीन आणि बदलापूरला किती येईल ते, एजंटला एक फोन पुरतो. ऑफिसचा मेल मात्र रविवारची वाट न बघता उद्याच टाक.